काम शेजारी का जातं, आणि आपल्या रात्री कोण मोजणार?

मेक्सिको, कोलंबिया, पोलंड, रुमानिया. ऐरोली-घणसोलीच्या आयटी पार्कांत काम करणाऱ्यांच्या घरी ही नावं आता परकी राहिलेली नाहीत. एखाद्या अमेरिकन बँकेचा प्रकल्प ग्वादालाहाराला गेला, एखाद्या जर्मन कंपनीने पुढचं काम क्राकोला दिलं, असं कानावर आलं की ठाण्या-डोंबिवलीत वाद पेटतो, आणि दर वेळी तोच पेटतो. एक बाजू म्हणते, आपण महाग झालो, नव्या पोरांना कष्ट नकोत, आता जास्त तास राबल्याशिवाय गत्यंतर नाही. दुसरी म्हणते, घाबरायचं कारण नाही. इतके स्वस्त आणि इंग्रजी जाणणारे इंजिनियर त्यांना दुसरीकडे मिळणार कुठे? आज गेलेत, उद्या परत येतील. दोघे एकमेकांवर तुटून पडतात, पण दोघांनीही एकच गोष्ट धरून चालली आहे: काम मजुरीच्या दरामागे धावतं. मला हेच मान्य नाही. शेजारच्या देशात जाणारं काम मजुरी वाचवायला जात नाही, ते बोलणं सोपं व्हावं म्हणून जातं. आणि गिऱ्हाइकापासूनचं अंतर मुंबईने आजवर कशाच्या जोरावर भरून काढलं, याचा हिशेब मांडल्याशिवाय या वादातून काहीही हाती लागणार नाही.

आधी साधा तर्क. पोलंडमधला प्रोग्रामर मुंबईतल्या प्रोग्रामरपेक्षा महाग आहे. मेक्सिकोतला, अर्जेंटिनातलाही बहुतेक वेळा महागच. दरच सगळं ठरवत असता तर जर्मनीतून पोलंडला आणि टेक्सासमधून मेक्सिकोला एक तासाचंही काम गेलं नसतं. मग आपल्याहून जास्त पैसे मोजून या कंपन्या तिकडे काय विकत घेतात?

सॉफ्टवेअर ज्यांनी बांधलं आहे त्यांना याचं उत्तर ठाऊक आहे. खर्च कोड लिहिण्यात कमी आणि काय लिहायचं ते समजून घेण्यात जास्त असतो. घराचं काम काढलं की आपण लांबचा स्वस्त कंत्राटदार सोडून जवळचा थोडा महाग का धरतो? ओट्याची उंची किती हवी, हे कागदावर लिहून भागत नाही. तो भिंतीपाशी उभा राहतो, आपण हात ठेवून दाखवतो, तो म्हणतो इथे पाइप येतोय, आणि मग दोघं मिळून तिसरंच काहीतरी ठरवतो. विम्याचा दावा कधी फेटाळायचा, कर्जाचा हप्ता चुकला की कोणत्या तारखेपासून व्याज धरायचं, हे नियम आधी पूर्ण लिहून मिळतील या भरवशावर कोणी बसू नये. ते कामाच्या ओघात, विचारता विचारता उलगडतात. अमेरिकन संगणकतज्ज्ञ मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्येच लिहून ठेवलं की एखादी संस्था जी प्रणाली बांधते तिची रचना त्या संस्थेतल्या माणसांच्या संवादाच्या रचनेसारखी होते. योगायोग असा, की टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस मुंबईत सुरू झाली तीही त्याच वर्षी.

आता घड्याळ समोर ठेवा. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा मुंबईत उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात झालेले असतात. सॅन फ्रान्सिस्कोचे सकाळचे नऊ म्हणजे आपल्या रात्रीचे साडेनऊ किंवा साडेदहा. कोलंबियातल्या बोगोटाचं घड्याळ हिवाळ्यात न्यूयॉर्कशी तंतोतंत जुळतं, उन्हाळ्यात फक्त एक तास मागे राहतं. पोलंडमधलं वॉर्सा लंडनच्या एक तास पुढे. मुंबईतल्या मुलीला सकाळी अकराला एक शंका आली, तर ती विचारायला संध्याकाळ उजाडावी लागते. उत्तरातून दुसरी शंका निघाली की दुसरा दिवस. तीन शंकांचे तीन दिवस. बोगोटातला माणूस तेच काम चहाच्या आधी उरकतो. त्या तीन दिवसांत मुंबईची टीम रिकामी बसत नाही, ती अंदाजाने पुढे जाते. अंदाज चुकला की केलेलं उसवून पुन्हा करायचं. कंत्राटातल्या तासाच्या दरात हा खर्च दिसत नाही. प्रकल्प संपल्यावर गिऱ्हाईक एकूण बेरीज करतं तेव्हा दिसतो.

मग तीस वर्षं हे दिसलं कसं नाही? कारण आपल्याला मिळालेलं पहिलं मोठं काम बोलणं कमीत कमी लागणारं होतं. सत्तरच्या दशकात तर अंतर ओलांडायला माणूसच विमानात बसवून पाठवावा लागे; 'ऑनसाइट' जाणं हा मुंबईतल्या प्रोग्रामरच्या आयुष्याचा भाग झाला तो तेव्हापासून. अंधेरीचं सीप्झ हे निर्यातीसाठीचं खास क्षेत्र १९७३ मध्ये उभं राहिलं, पुढे उपग्रहाचे दुवे आले आणि माणसाऐवजी काम इकडे येऊ लागलं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी वर्ष २००० चा प्रश्न आला. जुन्या प्रणालींत वर्ष दोन आकड्यांत साठवलेलं होतं, ते शोधून दुरुस्त करायचं होतं. लाखो ओळी वाचायच्या, पण काय करायचं ते आधीच पक्कं. गिऱ्हाइकाला रोज काही विचारायची गरज नाही. असं काम पृथ्वीच्या कोणत्याही टोकाला करता येतं, आणि ते आपण उत्तम केलं. त्यातून नाव झालं आणि हजारो मराठी घरांची आर्थिक घडी बदलली. ते कर्तृत्व खरं आहे, त्यात उणं काढायचं कारण नाही.

पण फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात सतरा प्रोग्रामर जमले आणि 'अजाइल' नावाचा जाहीरनामा निघाला. त्यातलं एक तत्त्व सांगतं की धंद्याची माणसं आणि प्रोग्रामर यांनी रोज एकत्र काम करावं. दुसरं सांगतं की माहिती पोचवायचा सर्वांत परिणामकारक मार्ग म्हणजे समोरासमोरचं बोलणं. पुढच्या दशकभरात सॉफ्टवेअर बांधायची ही मुख्य रीत झाली. वर्षभराची मागणी लिहून द्यायची आणि शेवटी माल ताब्यात घ्यायचा, ही पद्धत मागे पडली. दर दोन आठवड्यांनी थोडं दाखवा, बदला, पुन्हा दाखवा, असं सुरू झालं. कामाची रीत बदलली तशी अंतराची किंमत वाढली. पोलंड-मेक्सिकोचं भाग्य फळफळलं ते या बदलामुळे. मुंबईची मुलं आळशी झाली म्हणून नव्हे.

या मांडणीवर गंभीर आक्षेप आहेत, आणि ते टाळून पुढे जाता येणार नाही. सर्वांत मोठा आक्षेप असा: जवळीक इतकी मोलाची असेल तर परदेशी कंपन्यांनी भारतात सतराशेहून जास्त स्वतःची केंद्रं का उघडली? मुंबई, पुणे, बंगळूर, हैदराबादमध्ये ही केंद्रं वाढतच आहेत. मुद्दा बिनतोड वाटतो. पण ही केंद्रं आहेत काय, ते पाहा. तिथे कंत्राटदार मधे नाही. कंपनीचा स्वतःचा माणूस, स्वतःचा पगार, स्वतःचं उत्पादन. अनेक ठिकाणी निर्णयाचा अधिकारही इथेच. म्हणजे नकाशावरचं अंतर तसंच राहिलं, पण दोन कंपन्यांमधलं अंतर मिटलं. मुंबईतल्या टीमला एखादा भाग पूर्ण सोपवला की रोज न्यूयॉर्कला विचारायची गरज उरत नाही, कारण उत्तर देणारा इथेच बसलेला असतो. हे माझ्या म्हणण्याच्या विरोधात जात नाही. विचारणारा आणि उत्तर देणारा जवळ हवेत, मग ते बोगोटात जवळ असोत किंवा पवईत.

दुसरा आक्षेप संख्येचा, आणि तो मला पूर्ण मान्य आहे. भारतात आयटीत पन्नास लाखांहून जास्त माणसं काम करतात. कोस्टा रिकाची एकूण लोकसंख्याच साधारण तेवढी, उरुग्वेची तर त्याहूनही कमी. पाच हजार इंजिनियर एका वर्षात उभे करायचे असतील तर हे देश पुरे पडणार नाहीत, आणि जवळ असणं म्हणजे सुरक्षित असणंही नव्हे. युक्रेन हे युरोपातल्या कंपन्यांचं लाडकं ठिकाण होतं. फेब्रुवारी २०२२ नंतर तिथले प्रोग्रामर तळघरांत बसून काम पुरं करत होते आणि त्यांचे ग्राहक पर्याय शोधत होते. पण संख्येचा फायदा कोणत्या कामात होतो? ज्यात माणसं मोजून लावायची असतात त्यात. नेमकं तेच काम आता यंत्रं उचलू लागली आहेत. आपल्या सर्वांत मोठ्या बळाचा भाव सर्वांत आधी उतरणार असेल, तर त्यावर विसंबून निवांत बसता येईल का?

करोनाने अंतर पुसून टाकलं, असंही म्हणतात. २०२० मध्ये जगाने घरून काम केलं आणि ते चाललं, हे खरं. पण त्यातून सिद्ध काय झालं? एकाच छताखाली बसायची गरज नाही, इतकंच. एकाच वेळी जागं असायची गरज संपली नाही. उलट शिकागोच्या कंपनीतली सगळीच माणसं पडद्यावर आल्यावर पलीकडच्या टेबलावरचा सहकारी आणि ब्युनोस आयर्समधला प्रोग्रामर यांच्यात फरक उरला नाही. मुंबईतला मात्र झोपेच्या वेळीच लागत राहिला.

जवळीक घड्याळापुरतीच नाही, कायद्याचीही असते, आणि मराठी चर्चेत ही बाजू मी क्वचितच ऐकली आहे. २५ मे २०१८ पासून युरोपीय संघात व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कडक कायदा लागू आहे. उल्लंघनाचा दंड जागतिक उलाढालीच्या चार टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. पोलंड २००४ पासून आणि रुमानिया २००७ पासून संघाचे सदस्य, त्यामुळे जर्मन विमा कंपनीची माहिती तिथे सहज जाते. संघाबाहेरच्या काही देशांचे कायदे पुरेसे आहेत असं युरोपीय आयोगाने ठरवून दिलं आहे, आणि त्यांत अर्जेंटिना आणि उरुग्वे आहेत. भारत नाही. आपल्याकडे असा कायदा संमत झाला तो २०२३ मध्ये. तीच गोष्ट प्रवासाची. अमेरिका-कॅनडा-मेक्सिको करारानुसार मेक्सिकोचा संगणक विश्लेषक वेगळ्या व्हिसावर, संख्येच्या मर्यादेविना अमेरिकेत जाऊन काम करू शकतो. आपल्या माणसाला एच-वन-बी या अमेरिकेच्या नोकरी-व्हिसाची सोडत लागावी लागते, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं. भूगोल हलवता येत नाही, कायदा हलवता येतो. उरुग्वे युरोपपासून अटलांटिक महासागराइतका दूर असूनही कायद्याने शेजारी झाला. आपल्या सरकारने आणि उद्योगाच्या संघटनांनी सर्वांत जास्त रेटा इथे लावायला हवा होता. स्वस्त जमीन आणि करसवलतींच्या मागण्या मात्र आपण दर अर्थसंकल्पाला ऐकतो.

हा धडा मुंबईला पहिल्यांदाच मिळतो आहे असं नाही. १८८० आणि ९० च्या दशकांत गिरणगावातलं सूत गलबतं भरभरून चीनला जात होतं. मुंबईच्या कित्येक गिरण्या त्याच बाजारावर उभ्या होत्या. मग जपान उतरला. त्याच्याकडे पुरेसा कापूसही नव्हता. १८९३ मध्ये मुंबई आणि जपान यांच्यात थेट बोटींची सेवा सुरू झाली, जमशेटजी टाटांनी त्यात पुढाकार घेतला, आणि आपल्याच बंदरातून कापूस चीनला वळसा घालून जपानला जाऊ लागला. तिथे सूत होऊन तो चीनमध्ये विकला जाई. कच्च्या मालाजवळ असलेली मुंबई हरली, गिऱ्हाइकाजवळ असलेलं जपानचं ओसाका जिंकलं. पुढे जपान्यांनी शांघायमध्येच गिरण्या घातल्या, म्हणजे उरलंसुरलं अंतरही मिटवलं. अंतर हे एकमेव कारण होतं असं मी म्हणत नाही. १८९३ च्या चलन धोरणाने रुपया चांदीपासून तुटला आणि चीनमध्ये आपलं सूत महागलं. १८९६ मध्ये प्लेग आला. जपानी यंत्रंही नवी होती. पण चिनी विणकराला कोणत्या नंबरचं सूत हवं, हे शांघायमधल्या जपानी व्यापाऱ्याला मुंबईतल्या मालकाच्या कितीतरी आधी कळत असे, हेही तितकंच खरं.

यावर मुंबईने काय केलं? दोन गोष्टी केल्या. विणकामाकडे आणि देशातल्या गिऱ्हाइकाकडे वळली, १९०५ च्या स्वदेशीने त्याला हात दिला, आणि त्यातून गिरण्या तगल्या. दुसरी गोष्ट केली ती १९२० च्या दशकात: दोष कामगारावर टाकला. पगार कापा, दोन मागांऐवजी तीन माग सांभाळा. १९२८ चा सहा महिन्यांचा संप त्यातून पेटला आणि गिरणगाव उपाशी राहिलं. त्याच्या आदल्याच वर्षी सरकारने नेमलेल्या टॅरिफ बोर्डाच्या, म्हणजे आयात जकातीचा विचार करणाऱ्या मंडळाच्या, अहवालात नोंद झाली होती की जपानी गिरण्या बायकांना रात्रपाळीत राबवतात आणि ही स्पर्धा न्याय्य नाही. शंभर वर्षांपूर्वी मुंबई ज्याला अन्याय म्हणत होती, ती रात्र आज मुंबई स्वतः विकते आहे.

मला सर्वांत जास्त बोलायचं आहे ते याबद्दल. न्यूयॉर्क आणि मुंबई यांच्यातलं अंतर कुठल्याही तंत्रज्ञानाने मिटवलेलं नाही. दुपारी दोनला घरातून निघून रात्री बाराला कंपनीच्या कॅबमधून परतणाऱ्या मुलामुलींनी ते भरून काढलं. संध्याकाळी साडेसहानंतरच्या फोन-कॉल्सनी भरून काढलं. मालाड, पवई, ऐरोलीच्या इमारतींत रात्री दिवे जळतात ते या भरपाईचे. लहान मूल झोपल्यावर घरी येणारा बाप, सुनेच्या कॉलच्या वेळेप्रमाणे जेवणाची वेळ बदललेलं घर, तिशीतच सुरू झालेली रक्तदाबाची गोळी, हे सगळं त्या अंतराचं मोल आहे, आणि ते ना गिऱ्हाइकाच्या बिलात दिसतं ना कंपनीच्या ताळेबंदात. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने स्त्रियांच्या रात्रीच्या कामाला त्यांची संमती आणि सुरक्षेची अट घातली, ते योग्यच झालं. पण घरून रात्री साडेदहाला घेतलेला कॉल कोणत्या पाळीत धरायचा? तो हजेरीत कुठेच येत नाही. २०२३ मध्ये आठवड्याला सत्तर तासांच्या कामाचा सल्ला गाजला तेव्हा बाजूने आणि विरुद्ध पुष्कळ बोललं गेलं. पण त्या तासांतले किती तास केवळ पृथ्वी गोल असल्याची किंमत म्हणून जातात, हे कोणी विचारलं नाही. आणखी तास राबून हे अंतर कापता येणार नाही. बोगोटाच्या माणसाला त्याच कामासाठी जागावं लागत नाही. त्याच्याशी जागरणाची शर्यत लावून आपण फक्त आपलीच प्रकृती खर्ची घालू.

मोठ्या भारतीय कंपन्यांना हे केव्हाच कळलं आहे. टीसीएसने उरुग्वेच्या मोंतेविदेओमध्ये केंद्र उघडलं ते २००२ मध्ये. इन्फोसिसने २००७ मध्ये फिलिप्सकडून पोलंडमधल्या वुजचं केंद्र घेतलं. म्हणजे मेक्सिकोत किंवा पोलंडमध्ये 'गेलेलं' काही काम आपल्याच कंपन्यांच्या हाताखाली आहे. भागधारकाच्या दृष्टीने ठीकच. पण त्यामुळे 'भारतीय आयटी वाढते आहे' आणि 'कल्याणच्या मुलाला काम मिळते आहे' ही दोन वाक्यं एक उरलेली नाहीत, आणि वाद घालताना आपण ती एकच समजतो.

आणि आपण नेहमी दुसऱ्याच्या शेजाऱ्याचा हेवा करतो. आपण कोणाचे शेजारी आहोत ते विचारत नाही. दुबईचं घड्याळ मुंबईच्या दीड तास मागे आहे, रियाध आणि नैरोबीचं अडीच तास, सिंगापूरचं अडीच तास पुढे. दुबईला विमान तीनेक तासांत पोचतं. मुंबईतल्या रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये आखातासाठी खास रुपयाच्या नोटा छापल्या होत्या आणि दुबईत त्या १९६६ पर्यंत चालल्या, इतकं हे शेजारपण जुनं आहे. तिथल्या बँका, बंदरं, रुग्णालयं सॉफ्टवेअर विकत घेतात, आणि त्यांच्याशी बोलायला कोणाला रात्र जागावी लागत नाही. सर्वांत जवळचं गिऱ्हाईक तर वांद्रे-कुर्ला संकुलात, बीकेसीत बसलं आहे. यूपीआय २०१६ मध्ये मुंबईच्या एनपीसीआय या पेमेंट व्यवस्था चालवणाऱ्या संस्थेतून सुरू झालं आणि ऑगस्ट २०२३ मध्ये एका महिन्यात हजार कोटी व्यवहारांचा टप्पा ओलांडला. ते बांधताना बँक, नियामक आणि प्रोग्रामर एकाच शहरात, एकाच दिवसाच्या उजेडात होते. देशी आणि आखाती गिऱ्हाईक डॉलरच्या दराने पैसे देत नाही, ही अडचण खरी आहे, आणि अमेरिकेचं काम सोडून द्या असं मी म्हणत नाही. अमेरिकेचं काम घ्यावं, पण भाग पूर्ण आपल्या अखत्यारीत घेऊन, निर्णयासह. आणि ज्या कामाला रोजचं बोलणं लागतं त्याच्या कंत्राटात संध्याकाळी सातनंतरचा प्रत्येक तास वेगळ्या, चढ्या दराने लिहून, तो दर थेट ते तास जागणाऱ्याच्या पगारात पोचेल अशा अटीवर. गिऱ्हाइकाला तो दर परवडला नाही आणि काम बोगोटाला गेलं, तर ते त्याच्या योग्य जागी गेलं.